सहासष्ट नंबरचा रस्ता

तळोज्यात ‘रूट ६६’ची पाटी विकत आणून भिंतीला ठोकायची काही गरज नव्हती. ६६ नंबरचा रस्ता आपल्या दारातूनच सुटतो. कळंबोली मागे टाकली, पनवेल ओलांडलं की पळस्पे फाटा. तिथून निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ पेण, माणगाव, महाड करत गोव्यात शिरतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. सुमारे १,६०० किलोमीटर. २०१० साली महामार्गांचे नंबर बदलले, त्याआधी आपल्याकडचा हा पट्टा १७ नंबर होता. लोक त्याला मुंबई-गोवाच म्हणत राहिले, त्यामुळे नवा नंबर कुणाच्या तोंडी बसला नाही. किलोमीटरच्या दगडांवर मात्र तो लिहिलेला आहे. शिकागोहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला जाणारा अमेरिकेचा रूट ६६ तर १९८५ मध्ये महामार्गांच्या यादीतून काढूनही टाकला. त्या मेलेल्या रस्त्याची पाटी आपण पैसे मोजून लावतो.

ही पाटी मला दिसली ती आमच्याकडे नव्याने उघडलेल्या एका खाण्याच्या जागी. नाव लिहीत नाही, कारण अशी एकच जागा नाही. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो धावायला लागली, आणि टॉवरांच्या तळमजल्यावर एकेक गाळा उजळत गेला. आत पाऊल टाकलं की काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. काउंटरपुढे लाल रेक्झिनची उंच, गोल, फिरती स्टुलं, कडेला स्टीलची चकचकीत पट्टी. भिंतीवर एल्व्हिस प्रेस्ली, मेरिलिन मन्रो, एका निळसर शेव्हरले गाडीचं मागचं शेपूट. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. जवळ जाऊन पाहिलं तर बटणं नुसती चिकटवलेली. रेकॉर्ड नाही, सुई नाही, आत ब्लूटूथचा स्पीकर.

भाची एकोणीस वर्षांची. तिनेच मला तिथे नेलं होतं. फोटो काढून झाल्यावर म्हणाली, “मावशी, किती छान जुनं जुनं वाटतं ना इथे!”

“कुणाचं जुनं गं?”

तिने जरा विचार केला. “असंच जुनं.”

तिची काही चूक नाही. तिच्यापुढे जे वाढलं ते तिने घेतलं. पण ‘असंच जुनं’ असं काही नसतं. जुनं कुणाचं तरी असतं. कुणीतरी ते राबून केलेलं असतं, आणि कुणाला तरी त्याच्या दारातून हाकललेलं असतं. माझं भांडण आहे ते ही सजावट तयार मालासारखी उचलून आणणाऱ्यांशी, आणि ती बघून एकही प्रश्न न विचारणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

मला त्या संगीताचं वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. माझे वडील पन्नासच्या दशकात गिरगावात वाढले. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री होते, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती, तेव्हा चाळीचाळीतून रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरला. रेडिओ सिलोनवर हिंदी गाण्यांच्या मागोमाग अमेरिकन गाणीही लागत. वडिलांना शब्द कळत नसत, चाल पाठ होई. इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता, खराखुरा. चार आणे टाकले की आतली दांडी सरकून रेकॉर्ड उचलायची, तेवढं बघण्यासाठीसुद्धा पोरं चार आणे जमवायची. मी स्वतः वाढले ते इंद्रजाल कॉमिक्सवर. १९६४ पासून टाइम्सवाले ते काढत होते, आणि ली फॉकचा फँटम त्यातून मराठीत बोलायचा. तो अमेरिकेतून आलाय हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा अमेरिकेचं पन्नास-साठ माझ्याही घरात होतं. म्हणूनच त्याचा असा खोटा पुतळा बघवत नाही.

कारण जे भिंतीवर चढलंय ते पन्नासचं दशक नाहीच. ते सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेने स्वतःला सांगितलेलं पन्नास आहे. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने अमेरिकेचं मन मोडलं होतं. तेव्हा ‘अमेरिकन ग्राफिटी’ आला १९७३ मध्ये, टीव्हीवर ‘हॅपी डेज’ सुरू झालं १९७४ मध्ये, ‘ग्रीस’चा सिनेमा झाला १९७८ मध्ये. सगळ्यांत तीच कहाणी: तरुण मुलं, मोठ्या गाड्या, मिल्कशेक, गाणी, कसलीही चिंता नाही. जॉनी रॉकेट्सने ही जुनी चव साखळी दुकानांत बसवायला सुरुवात केली ती लॉस एंजेलिसला, १९८६ मध्ये. आपण तळोज्यात आणलं ते नकलेची नक्कल. आणि ही नक्कल करताना पहिल्याच खेपेला जे खोडलं गेलं, ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

काय खोडलं? त्या लाल स्टुलाकडेच बघा.

१ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं ग्रीन्सबरो. चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्ट आणि असलंच किरकोळ सामान घेतलं. दुकानाने पैसे घेतले. मग ते चौघे त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरपाशी जाऊन उंच स्टुलांवर बसले आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. त्या छपराखाली त्यांचा पैसा चालत होता, त्यांचं बसणं चालत नव्हतं. काउंटरमागे राबायला काळी माणसं होती, पुढे बसायला फक्त गोरी. चौघे उठले नाहीत, दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग आणखी, मग दुसऱ्या गावांतून तेच सुरू झालं. जुलैच्या २५ तारखेला तो काउंटर सगळ्यांना खुला झाला, आणि त्यावर पहिल्यांदा बसून जेवले ते त्याच दुकानातले काळे कर्मचारी. रोज जे रांधत आणि वाढत होते, ते. काउंटरचा एक तुकडा स्टुलांसकट आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवला आहे.

हे ते स्टूल. ‘कसलीही चिंता नाही’ त्यावर कोण बसलेलं होतं?

भिंतीवरच्या पाटीचीही तीच गत. रूट ६६ जगभर तोंडी झाला तो एका गाण्यामुळे, आणि १९४६ मध्ये ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं नॅट किंग कोलच्या तिघांच्या वाद्यमेळाने. कोल काळा. ज्या रस्त्याचं कौतुक तो गात होता, त्या रस्त्यावरच्या कितीतरी हॉटेलांत त्याला खोली मिळाली नसती. कित्येक गावं अशी होती की सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने तिथे थांबायचं नाही. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका पोस्टमनने १९३६ पासून त्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. कुठे जेवता येईल, कुठे झोपता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, एवढंच त्यात. काळी कुटुंबं प्रवासाला निघताना ते गाडीत ठेवायची. कोलने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्तीत घर घेतलं तर शेजारी विरोधाला उभे राहिले. १९५६ मध्ये अलाबामात तो गात असताना काहीजण स्टेजवर चढून त्याच्यावर धावून गेले. एवढा मोठा गायक, भर कार्यक्रमात.

एल्व्हिसवर माझा राग नाही. आपण हे कुणाचं ऐकून शिकलो ते त्याने तेव्हाच उघड सांगितलं होतं. पण ज्या ‘हाउंड डॉग’ने १९५६ मध्ये तो घराघरात पोचला, ते गाणं त्याच्याआधी बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने गाजवलं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे तिच्या हाती एकूण आले ५०० डॉलर. तळोज्याच्या भिंतीवर ती नाही. कोल नाही. काळा गायक चक बेरीही नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं हे रडगाणं आपण कशाला गायचं? आपण रायगड जिल्ह्यात राहतो म्हणून. पळस्प्याहून आपल्या ६६ वर निघालात की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, आणि मग महाड. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं नगरपालिकेचं, आणि पालिकेने ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला. कागदावर पाणी होतं, हातात नव्हतं. पाणी प्यायल्यावर मार पडला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये निकाली लागला. तळ्यावरची ती ओंजळ ग्रीन्सबरोच्या त्या कॉफीआधी ३३ वर्षं.

हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. ज्यांचा तो होता त्यांनीच तो ओळखला होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून दोन्हीकडच्या प्रश्नांतलं साम्य मांडलं. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून देण्यात आली. आधी त्यांना ते लागलं. मग विचार केल्यावर पटलं. पुढे १९६५ च्या एका प्रवचनात त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली.

आणि त्या साठच्या दशकातून मुंबईच्या पोरांनी काय उचललं म्हणता? १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. सहा वर्षांत, १९७२ मध्ये, कामाठीपुऱ्याच्या आणि वडाळ्या-नायगावच्या गल्ल्यांतल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि मराठी कवितेची भाषा पहिल्यासारखी राहिली नाही. अमेरिकेच्या त्या काळाचं महाराष्ट्रावर याहून खोल असं काही उमटलेलं मला माहीत नाही. आठवणींचा बाजार मांडायचा तर हीसुद्धा आठवण आहे. पण तिचा फोटो बर्गरशेजारी कुणी लावत नाही.

बरं, राजकारण नको, नुसती करमणूक हवी, तर तीही द्यायला मी तयार आहे. त्याच ६६ वर आणखी पुढे या. गोवा.

म्हापशाजवळ हळदोणं गाव आहे. तिथला आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ झाला, आणि ताजमहाल हॉटेलात असा ट्रम्पेट वाजवू लागला की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मडगावच्या बाजूला माजोर्डे, तिथला अँथनी गोन्साल्विस, तोही वादक. हे लोक आले तेव्हा हा महामार्ग त्यांच्यासाठी नव्हता. गोवा पोर्तुगीजांचा, त्यामुळे ते आगबोटीने नाहीतर रेल्वेने आले आणि धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कूडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, उतरले. गावच्या चर्चच्या शाळेत पाद्रीबाबांनी स्वरलेखन घोटून घेतलेलं होतं. कागदावरचे ठिपके बघून ते कुठलंही संगीत वाजवू शकत. मुंबईच्या सिनेमाला नेमकं तेच हवं होतं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती ऐकून चाळीस-पन्नास वादकांपैकी कुणी कुठे काय वाजवायचं ते कागदावर उतरवणारा अरेंजर बहुतेक वेळा गोव्याचा. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेलातला बँड. रात्री जे स्विंग आणि जॅझ वाजवलं, तेच सकाळी हिंदी गाण्यात शिरायचं.

आता त्यात आपला माणूस बघा. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. आणि गिरणी कामगाराचा पोरगा भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. १९५१ चा ‘अलबेला’. चितळकरांच्या चाली, चिक चॉकलेटचा ट्रम्पेट. चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून एका गाण्यात पडद्यावरही दिसतात. आणि पुढे भगवानदादा. हिरोचं रूप नाही, उंची नाही, अंगाने गोल. कोपरातून हात सैल सोडलेले, खांदा जरासा उडवायचा, पाऊल जागच्या जागी. अमेरिकेतल्या सिनेमांत त्या काळात नाचणारे उड्या मारत होते, गिरक्या घेत होते. दादांनी तो सगळा जोर गिळून एका खांद्यात आणून ठेवला. वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही असा माणूससुद्धा नाचू लागतो तेव्हा तो हेच करतो. बाहेरून आलेली चीज आपली कशी होते हे ज्याला बघायचं असेल त्याने तो खांदा बघावा. १९५७ च्या ‘आशा’त चितळकरांनी पोरांच्या खेळातल्या बडबडीवरून गाणं केलं आणि त्यात गोंयकार साहाय्यकाने कोकणीतलं ‘माका नाका’ घुसवलं. न्यूयॉर्कचा ताल, पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याची बोली. याला म्हणतात घेणं.

शेव्हरलेचं शेपूट भिंतीवर लावलंय ना, त्यालाही इथला पत्ता आहे. शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाड्या १९२८ पासून शिवडीला जुळवल्या जात, १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ बांधल्या. त्या गाड्यांचे नटबोल्ट आवळणारे हात मुंबईचे होते, आपल्याच कोकणातले, घाटावरचे. दादांच्या दारात म्हणे आठवड्याच्या वाराला एक अशा सात गाड्या असत.

सात गाड्या गेल्या, जुहूचा समुद्रासमोरचा बंगला गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि ४ फेब्रुवारी २००२ ला तिथेच गेले. चिक चॉकलेट तर १९६७ मध्येच गेला होता. अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर स्वतः रचलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. नंतर ते अमेरिकेला गेले, परत आले, माजोर्ड्याला राहिले, २०१२ मध्ये वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात घातलं म्हणून ते नाव देशाला पाठ झालं. नावाचा माणूस कुणाला माहीत नाही. रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांना जागा होती. ट्रम्पेट कुणाचा, स्वर कुणी उतरवले, हे छापायची पद्धतच नव्हती.

आणि अमेरिकेला आपलं जुनं आवडतं, हे माहीत आहे? २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाच्या सुरुवातीलाच एक कंटाळलेली तरुण मुलगी आपल्या खोलीत एकटीच बेभान नाचते. समोर लागलेलं असतं आपल्या ‘गुमनाम’मधलं, १९६५ चं, क्लबातलं गाणं. रफींचा आवाज, शंकर-जयकिशनचं संगीत, पडद्यावर लक्ष्मी छाया, डोळ्यांवर मुखवटे, हर्मन बेंजामिनचं वेड्यासारखं नाचणं आणि मागे टेड लायन्सचा बँड. दहा वर्षांनी एका बिअर कंपनीने तेच गाणं जगभर दाखवलेल्या जाहिरातीत घेतलं. एल्व्हिसच्या गावच्या लोकांना टेड लायन्स सापडला. तळोज्यातल्या दुकानदाराला अजून सापडायचा आहे.

मी भाचीला हे सगळं त्या लाल स्टुलावर बसूनच सांगितलं. बर्गर थंड झाला. तिने फोनवर ‘अलबेला’ काढला आणि तो खांदा दोनदा, तीनदा मागे नेऊन बघितला. मग म्हणाली, “हे तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत सगळे काका करतात.” मी म्हटलं, “हो. आणि कुणाचं करतात ते काकांनाही माहीत नाही.”

नंतरच्या आठवड्यात मी तिला जवळच्या गावात एका हळदीला घेऊन गेले. टॉवरांच्या मागे ही गावं आहेत, आगऱ्यांची, कोळ्यांची, कोकणी मुसलमानांची. त्यांच्या भातशेतांवर आणि खारजमिनीवर आपण राहतो. मांडवाच्या आतल्या बाजूला एक म्हातारी धवलारीण बसली होती. लग्नाचा एकेक विधी धवल्यांतून गाऊन पुढे नेणारी. तिच्या पन्नास-साठच्या दशकात तिने आईमागे बसून ते ऐकून घेतले. लिहिलेलं कुठे काही नाही. तिच्या आवाजाला आता धाप लागते, आणि बाहेरचा बेंजो सुरू झाला की तो ऐकूच येत नाही.

बाहेर बेंजो जोरात. या शब्दाचीही मला गंमत नाही, ओढ वाटते. अमेरिकेतला मूळ बँजो केला तो आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी, भोपळ्याला कातडं ताणून. आपल्या हळदीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, तो आला जपानच्या ताइशोगोतोवरून, जे १९१२ मध्ये नागोयात निघालं. वाद्य जपानी, नाव त्या गुलामांचं, वाजवणारा तळोज्याकडचा. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखाएवढी प्लॅस्टिकची पट्टी, आणि तारांमधून निघणारा तो किरटा, कानात घुसणारा, पायांना जागेवर न ठेवणारा आवाज. बँडमधली तरुण पोरं कीबोर्ड आणि पॅडवर होती. बेंजोवर पन्नाशीचा माणूस होता. अंगठ्याच्या पेराला घट्टा, तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळलेली.

मध्येच वीज गेली तेव्हा भाची त्याच्याजवळ गेली आणि नाव विचारलं. त्याने मान वळवून बेंजो पार्टीच्या बॅनरकडे बोट केलं.

“ते पार्टीचं, काका. तुमचं सांगा ना.”

तो पट्टी बोटांत फिरवत थोडा वेळ गप्प राहिला. मग आधी आपल्याला बेंजो कुणी शिकवला त्याचं नाव सांगितलं, ते दुसऱ्याच गावचे, वारलेले. ती लिहून घेतेय असं दिसल्यावर तो जरा थांबला, तिचं टाइप करून होऊ दिलं, आणि मग आपलं सांगितलं.